ट्रू वायरलेस इअरबड्सचा आवाज वायरच्या इअरफोनइतका चांगला असू शकतो का?
शांत खोलीत, सारख्याच किमतीत? नाही, वायरच सरस. सीडीचा डेटा सेकंदाला १४११ किलोबिट. ब्लूटूथवर आवाज दाबून, लहान करून पाठवावा लागतो; ती पद्धत म्हणजे कोडेक. साधा एसबीसी कोडेक साधारण ३२८ पर्यंत जातो, एलडॅक हा वरचा कोडेक ९९० पर्यंत. शिवाय बड्सच्या किमतीत बॅटरी, चिप, माइक, डबी सगळंच आलं. माझ्या दीड हजाराच्या वायरवाल्यात तानपुऱ्याची जवारी स्वच्छ ऐकू येते, तिप्पट किमतीच्या बड्समध्ये ती पुसट होते.

पण ठाणे-वाशी लोकलमध्ये गणित उलटतं. ऐरोली-रबाळेदरम्यान डब्याच्या खडखडाटात नॉइज कॅन्सलेशनवाले, म्हणजे बाहेरचा गोंगाट कमी करणारे बड्सच जास्त ऐकवतात, तेही व्हॉल्यूम न वाढवता. कानांसाठी हे फार मोलाचं आहे.

रबरी टिप्स मात्र नीट बसवून बघा, सैल राहिल्या की बास गेलाच. आणि आयफोन असेल तर एलडॅकसाठी जादा पैसे देऊ नका, त्यात तो चालत नाही.