अंगणातले पेव्हर ब्लॉक पहिल्याच पावसाळ्यात खचले, काय चुकलं असेल?

तुम्ही लिहिलंय की काळ्या मातीवर एकदम फूटभर मुरूम ओतला, हलका रोलर फिरवला आणि ब्लॉक बसवले. आता गाडीच्या चाकाखाली चाकोऱ्या पडल्यात. माझ्याही अंगणात अगदी हेच झालं होतं. ब्लॉक काढून उकरलं तर वरचा चार बोटं मुरूम टणक आणि खालचा हाताने निघेल इतका भुसभुशीत. हलक्या रोलरचा दाब तेवढ्या खोल पोचतच नाही.

मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी पसरायचा. एक थर पाणी मारून पक्का दाबला की मगच दुसरा. भिंतीलगत रोलर जात नाही, तिथे धुम्मस, म्हणजे हाताने आपटायचा जड ठोकळा, चालवायचा.

खरी मेख पाण्यात आहे. कोरड्या मुरमाचे कण एकमेकांना अडून बसतात. ओल मिळाली की ते सरकतात, फटी भरतात, हवा निघून जाते. पाणी जास्त झालं तर फटींत तेच अडकतं आणि रोलरखाली जमीन गादीसारखी हलते. राल्फ प्रॉक्टर या अमेरिकन इंजिनिअरने १९३३ मध्ये हे मोजमापासह मांडलं. रस्त्याच्या कामावर आजही त्याच्या नावाची टेस्ट होते. आपल्याला मूठ पुरे. मुरूम मुठीत दाबा. गोळा झाला पाहिजे, पण तळहात ओला होता कामा नये. माझे आजोबा खळं करताना असंच बघायचे. आदल्या संध्याकाळी पाणी शिंपडायचं, सकाळी माती वाफशावर आली, म्हणजे ओलसर पण चिकटणार नाही अशी झाली, की भुसकट टाकून बैलांची पात फिरवायची, मग शेणाने सारवायचं. त्या खळ्यावर ज्वारीच्या दाण्याला मातीचा कण लागत नसे.

काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. मी ती दीड फूट काढूनच टाकली. ब्लॉकखाली वाळूचा थर इंच-दीड इंचच ठेवा. खड्डे वाळूने बुजवाल तर तिथेच पुन्हा खचेल. कडेला काँक्रीटची कड हवीच, नाहीतर ब्लॉक बाजूला सरकतात. उतार मीटरला दोन सेंटिमीटर, घरापासून बाहेर.

ब्लॉक फेकू नका. ६० मिलिमीटरचे असतील तर कारला पुरतात. धुऊन रचून ठेवा, तेच परत बसवता येतील.