रिसेट करत बसू नका, आधी जुन्या खातेदाराला गाठा

घर घेतलं त्यासोबत आधीच्या मालकाची कॅमेऱ्याची बेल दारावर आयती मिळाली, पिन टोचून टोचून रिसेट केली, तरी ॲप म्हणतं "हे उपकरण दुसऱ्या खात्याशी जोडलेले आहे", असं तुम्ही लिहिलंय. हे वाक्य मला झोपेतून उठवून विचारलं तरी म्हणून दाखवीन.

वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर ठेवणं, ॲपला लोकेशनची परवानगी, राउटर बंद-चालू हे सगळं तुम्ही एव्हाना करून बसला असणार, त्यात शिरत नाही.

रिसेट केल्यावर बेलमधली वायफायची माहिती पुसली जाते. बेल कोणाची आहे ही नोंद मात्र तिकडे कंपनीच्या सर्व्हरवर असते, सिरियल नंबरच्या पुढे. काही कंपन्यांच्या रिसेटमध्ये तीही निघते, बऱ्याच जणांच्यात निघत नाही. चोरलेला कॅमेरा चोराला वापरता येऊ नये हा हेतू, आणि तो रास्तच आहे. फक्त बिल हातात घेऊन उभा असलेला माणूसही या हिशेबात चोरच ठरतो.

आमच्याकडे ही बेल भाच्याने हौसेनं बसवून दिली होती, आणि खातं उघडलं ते त्याच्या तेव्हाच्या ऑफिसच्या ईमेलवर. पुढे त्याने नोकरी सोडली, ईमेल बंद. नंतर त्याचा फोन बदलला आणि ॲप आपोआप लॉगआउट झालं. पासवर्ड तो विसरलेला, नवा मागावा तर त्याची लिंक जाणार बंद पडलेल्या ईमेलवर. बेल माझी, पैसे माझे, भाचा माझ्या शेजारी बसलेला, आणि आम्हा दोघांपैकी कोणीच त्या बेलचं मालक नाही!

आता कस्टमर केअर. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही, सगळे एकाच मुशीतले. आधी चॅटबॉट. त्याला तीन-चार प्रकारे सांगितलं, दर वेळी "आपण उपकरण रिसेट करून पाहिलंत का?" मग माणूस आला. त्याचं उत्तर अत्यंत नम्र: "खातेधारकाने नोंदणीकृत ईमेलवरून विनंती पाठवावी." तो ईमेल बंद आहे म्हणूनच तुमच्याकडे आलेय, असं लिहिलं तर "आपली गैरसोय आम्ही समजू शकतो", आणि खाली पुन्हा तेच वाक्य. मध्ये दोन दिवस उत्तर द्यायचं राहिलं की तक्रारीचं तिकीट "समाधानकारकरीत्या बंद". नवीन तिकीट काढलं की नवीन माणूस, आणि गाडी पुन्हा रिसेटपासून. माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो इथे. बेल बिचारी पहिल्यापासून ठणठणीत होती.

शेवटी कोणीतरी शहाणा भेटला. त्याने फक्त खरेदीचं बिल आणि मागच्या स्टिकरचा फोटो मागितला आणि त्याच संध्याकाळी नोंद काढून टाकली. म्हणजे ते बटण त्यांच्याकडे होतंच. पहिल्या दिवशी का दाबलं नाही, हे विचारायचं त्राण तोवर उरलं नव्हतं.

स्टिकरवरून सांगते. तो नेमका भिंतीकडच्या बाजूला असतो. बेल स्क्रू काढून उतरवावी लागते, आणि अक्षरं पांढऱ्यावर राखाडी. बी आहे की आठ, ओ आहे की शून्य, भिंग घेऊनही कळत नाही. टॉर्च तिरपा धरून फोटो काढा आणि मोठा करून बघा. एक अक्षर चुकलं तर "असे उपकरण आढळले नाही" असं उत्तर येतं आणि आणखी एक दिवस जातो.

तुमचं प्रकरण माझ्यापेक्षा सोपं आहे, कारण तुमचा खातेदार निदान फोनवर तरी सापडेल. पण त्याला नीट सांगा: नुसतं ॲप फोनवरून उडवून चालत नाही, उलट मग त्याला परत लॉगिन करत बसावं लागेल. ॲप उघडायचं, बेलच्या सेटिंगमध्ये जायचं आणि "उपकरण काढा" करायचं. त्यानंतर तुम्ही एकदा रिसेट करा आणि नव्याने जोडा. प्रत्येक कंपनीचं थोडं वेगळं असतं, मी काही यातली तज्ज्ञ नाही, मॅन्युअल बघूनच करा.

आणि हे होईपर्यंत बेल वायफायला जोडलेली ठेवू नका. त्या माणसावर संशय घ्या असं म्हणत नाही, पण खातं त्याचं म्हणजे तुमच्या दारात कोण आलं-गेलं ते त्याच्याच फोनवर दिसणार. २०१९ मध्ये गूगलच्या नेस्ट कॅमेऱ्यात असा घोळ उघड झाला होता. कॅमेरा रिसेट करून दुसऱ्याला दिल्यावरही, त्याला विंक नावाचं हब, म्हणजे घरातली वेगवेगळी उपकरणं एकत्र चालवणारा डबा, जोडलेलं असेल तर जुन्या मालकाला चित्रं दिसत होती. गूगलने ते नंतर दुरुस्त केलं, पण तोवर कोणी कोणाचं घर पाहिलं असेल देव जाणे.

थोडं विषयांतर, कारण आता हात लिहायला लागलाच आहे. माझं स्पष्ट मत, पटलं तर घ्या: जी वस्तू कंपनीचा सर्व्हर बंद पडला की मुकी होते, ती दाराला लावू नये. रिव्हॉल्व नावाचं घरातली उपकरणं चालवणारं हब होतं. २०१४ मध्ये नेस्टने ती कंपनी विकत घेतली, २०१६ मध्ये सर्व्हर बंद केला, आणि लोकांच्या कपाटावरचे चालू डबे एका दिवसात निकामी झाले. नवीन कॅमेरा घेणार असाल तर ओएनव्हीआयएफ (वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे आणि रेकॉर्डर एकमेकांशी जुळावेत म्हणून ठरवलेली सामायिक पद्धत) चालतं का एवढं विचारा. चालत असेल तर चित्र घरातल्याच रेकॉर्डरवर घेता येतं, कंपनीचं खातं मध्ये असलंच पाहिजे असं नाही. खातं उघडावंच लागलं तर घरातल्या सगळ्यांना माहीत असलेल्या एका वेगळ्या ईमेलवर उघडा, ऑफिसच्या तर मुळीच नको. दाराचं ॲपवर चालणारं कुलूप घेणार असाल तर साधी किल्लीही चालणारंच घ्या, यावर मी वाद घालणार नाही.

जुना मालक "बघतो, करतो" करत टाळाटाळ करायला लागला, तर त्याला सहज विचारा की क्लाउड रेकॉर्डिंगची वर्गणी अजून त्याच्याच कार्डातून कापली जाते का. ती बहुतेक वेळा आपोआप वाढवलेली असते आणि उपकरण काढल्याने थांबतेच असं नाही, वेगळी रद्द करावी लागते. त्या निमित्ताने तो ॲप उघडेल, तेव्हा फोन चालू ठेवा आणि बेलही त्याच्या खात्यातून काढून घ्या.