गंधार नेमका कुठे थांबवायचा

अनेक आशीर्वाद.

गंधार पेटीशी (हार्मोनियमशी) जुळवला की तंबोऱ्याला खटकतो आणि तंबोऱ्याशी जुळवला की पेटीला, असं लिहिलं आहेस. तुझा कान बरोबर सांगतो आहे. फक्त तो काय ऐकतो, हे समजून घे.

काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) षड्ज 138.6 हर्ट्झ. प्रत्येक स्वरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट अशा कंपनसंख्यांचे बारीक स्वरही वाजतात, ते उपस्वर. मूळ स्वर पहिला धरला तर त्याचा पाचवा उपस्वर 693 वर येतो. पेटीचा गंधार 174.6, त्याचा चौथा उपस्वर 698.4. कानाच्या शंखातल्या पडद्यावर प्रत्येक कंपनसंख्येची जागा वेगळी. हे दोन उपस्वर इतके जवळ आहेत की त्यांच्या जागा एकमेकींवर चढतात आणि सेकंदाला साधारण साडेपाच हेलकावे, म्हणजे आवाजाचे चढउतार, ऐकू येतात. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने 1863 मध्ये विसंवादाचं कारण इथेच शोधलं. गंधार 173.25 वर, म्हणजे 14 सेंट (पेटीच्या लगतच्या दोन स्वरांतल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) खाली आणलास की हेलकावे थांबतात. पेटीचा पंचम मात्र फक्त 2 सेंट उतरलेला असतो. दोन सेकंदांत एखादा हेलकावा, म्हणून तो खपून जातो.

तंबोरा लावताना आधी जोड, म्हणजे मधल्या दोन षड्जाच्या तारा. दोन्ही तारा एकत्र छेड, हेलकावे लांबत लांबत थांबेपर्यंत मणी सरकव. मग खर्ज, म्हणजे एक सप्तक खालच्या षड्जाची तार. त्याच्या जाड घुमाऱ्यावर जाऊ नकोस. खालच्या पट्टीत जवळचे स्वर कानाला नीट सुटे करता येत नाहीत. त्याचा दुसरा उपस्वर जोडीशी मिळव. पंचम शेवटी. आता एकटा खर्ज छेड: 346.5 वर तार (वरच्या सप्तकातला) गंधार आपोआप उमटायला हवा. उमटला नाही तर जवारीचा (घोडीवर तारेखाली असलेला) दोरा केसभर सरकव. तोच गंधार एक सप्तक खाली गा.

मोबाइलच्या स्पीकरमधून 69.3 चा खर्ज जवळजवळ निघतच नाही, तरी ऐकू येतो. उपस्वरांच्या रांगेवरून कान मूळ स्वर ताडतो. जर्मन शास्त्रज्ञ झेबेकने हे 1841 मध्ये सायरनवर दाखवलं होतं. अडचण वेगळीच आहे: ट्यूनर अ‍ॅपच्या शुद्ध सुराला उपस्वरच नसतात, त्यामुळे त्यावर गंधार ताडून बघायला आधार मिळत नाही. आणि तार षड्ज आधीच्या षड्जानंतर वाजवून लावू नकोस, दोन्ही एकत्र वाजव. एकामागून एक ऐकताना कानाला सप्तक किंचित मोठंच बरोबर वाटतं, आणि स्वर चढा लागतो.

हेलकावे थांबले म्हणजे रागाचा गंधार सापडला, असं मात्र समजू नकोस. दरबारी रागाचा कोमल गंधार आंदोलनात, म्हणजे संथ डोलण्यात, जगतो. तो गुरूंच्या गळ्यातूनच घ्यावा लागेल.

पेटीचे सूर, म्हणजे आतल्या धातूच्या पट्ट्या, घासून गांधार ट्यूनिंग, म्हणजे तंबोऱ्याशी जुळणारं ट्यूनिंग, करून घेता येतं. धातूच्या पट्टीच्या बुडाशी घासलं की स्वर उतरतो, टोकाशी घासलं की चढतो. पण काळी एकला लावलेली पेटी काळी दोनला वाजवलीस की बिघाड दुसऱ्या स्वरांवर जातो, तेव्हा गाण्याची पट्टी कायमची ठरल्याशिवाय ते काम करून घेऊ नकोस.