३५ हजारांत प्रोग्रॅमिंगसाठी कोणता लॅपटॉप घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की बार्शीजवळच्या गावातून येऊन बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलाय, सोयाबीनचे पैसे आले की बाबा ३५ हजार देणार आहेत, आणि मित्राचं म्हणणं आहे की वीस हजार उसने घेऊन ग्राफिक्स कार्डवाला गेमिंग लॅपटॉपच घे. उसने घेऊ नका. ३५ हजारसुद्धा सगळे खर्च करायची गरज बहुतेक पडणार नाही.

मी पुण्यात बारा वर्षं जावा आणि पायथॉनमध्ये काम करतोय. माझं मत सरळ आहे: या पैशांत नवा कोरा स्वस्त लॅपटॉप घेण्यापेक्षा मोठ्या कंपन्यांनी तीन-चार वर्षं वापरून काढून टाकलेला ऑफिसचा लॅपटॉप घ्या, आणि रॅम (चालू कामं धरून ठेवणारी तात्पुरती मेमरी) १६ जीबी करा.

रॅमवर माझा एवढा जोर का, ते सांगतो. शिकताना तुमच्यासमोर एकटा एडिटर कधीच नसतो. ब्राउझरमध्ये पंधरा-वीस टॅब असतात, बाजूला व्हिडिओ चालू असतो, मागे मायएसक्यूएल हा डेटाबेस चालू असतो. ८ जीबीतले साडेतीन-चार जीबी विंडोज आणि त्याचे सोबती आधीच खातात. रॅम भरली की कॉम्प्युटर डिस्कचा आधार घेतो आणि सगळं रखडायला लागतं. ॲप बनवायचं अँड्रॉइड स्टुडिओ उघडून त्यात एमुलेटर (स्क्रीनवरचा नकली फोन) चालू केला की ८ जीबीचा जीव जातो. विंडोजच्या आत लिनक्स वापरायचं ठरवलं, तर ते एकटंच निम्म्या रॅमपर्यंत जाऊ शकतं. प्रोसेसर थोडा जुना असेल तर प्रोग्रॅम चार सेकंदांऐवजी सहा सेकंदांत बिल्ड होईल, त्याने शिकणं अडत नाही. रॅम कमी पडली की मात्र माणूस वैतागून लॅपटॉप मिटून ठेवतो.

माझ्या मावसभावाचं नेमकं हेच झालं. दुकानदाराने त्याला दिसायला सुंदर, पातळ, नवा लॅपटॉप दिला. ‘८ जीबी आहे, पुढे वाढवता येईल’ असं सांगितलं. दुसऱ्या वर्षी वाढवायला गेलो, मागचं झाकण उघडलं, तर रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली आणि जादा स्लॉट नाही. मावशीने भिशीचे पैसे दिले होते त्याला. ते आठवलं की आजही वाईट वाटतं, कारण दुकानातच एका मिनिटात तपासता आलं असतं: टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. ‘फॉर्म फॅक्टर’समोर ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर ती रॅम निघत नाही. ‘एसओडीआयएमएम’ असेल तर सहसा निघते, बदलता येते. किती स्लॉट वापरलेत तेही तिथेच दिसतं.

आता जुन्यात नेमकं काय घ्यायचं. इंटेल प्रोसेसरची आठवी पिढी किंवा त्यापुढची, त्याखाली जाऊ नका. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे (मोजके अपवाद सोडून) आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप फार स्वस्त मिळतात त्याचं एक कारण हेच. दुसरं कारण माझ्या मते जास्त महत्त्वाचं आहे: सातव्या पिढीच्या आय५-७२००यूमध्ये दोन कोअर (प्रोसेसरमधले एकाच वेळी काम करणारे भाग) होते, आठव्या पिढीच्या आय५-८२५०यूमध्ये एकदम चार झाले. नंबरातला फरक एकाचा, कामातला फरक बराच मोठा.

मॉडेल सांगायची तर लेनोव्होचा थिंकपॅड टी४८०, डेलचा लॅटिट्यूड ५४९०, एचपीचा एलिटबुक ८४० जी५. तिन्हींत रॅमचे दोन स्लॉट आहेत. टी४८०एस हे नाव जवळजवळ तेच वाटतं, पण त्यात काही रॅम सोल्डर केलेली असते आणि स्लॉट एकच, म्हणून शेवटचं अक्षर नीट बघा. अकराव्या पिढीचा लॅटिट्यूड ५४२० बजेटमध्ये बसला तर तो आधी घ्या. रॅम ८ जीबीच्या दोन स्टिक अशी लावा. दोन्ही स्लॉट भरले की प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सलाही वेग मिळतो.

टी४८०बद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तुमच्याकडे भारनियमन आहे असं तुम्ही लिहिलंय. त्यात दोन बॅटऱ्या असतात, एक आत आणि एक मागे. मागची संपली की लॅपटॉप बंद न करता काढून दुसरी भरलेली लावता येते, तोवर आतली सांभाळते. दुपारी तीन तास लाईट नसताना प्रॅक्टिकलची तयारी करायची असेल तर हे फार मोलाचं आहे.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर असे लॅपटॉप विकणारी बरीच दुकानं आहेत. पुणे, सोलापुरातही मिळतात. दुकानात अर्धा तास तरी काढा. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘powercfg /batteryreport’ ही आज्ञा चालवा आणि बॅटरीची मूळ क्षमता व आताची पूर्ण चार्ज क्षमता ताडून बघा. निम्म्याच्या खाली गेली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून मागा. स्क्रीनभर कोरं पांढरं पान उघडून डाग आहेत का बघा. स्क्रीन १९२० बाय १०८०च हवा. यांतल्या काही मॉडेलांत १३६६ बाय ७६८वालेही विकले गेलेत, आणि त्यात कोडच्या जेमतेम पंचवीस-तीस ओळी दिसतात. सगळ्यात महत्त्वाचं, दुकानदाराला तुमच्यासमोर विंडोज रिसेट करायला सांगा आणि वायफाय जोडून सेटअप करा. तिथे एखाद्या कंपनीचा ईमेल आणि पासवर्ड मागितला, तर तो लॅपटॉप अजून जुन्या मालकाच्या ताब्यात नोंदलेला आहे. कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या. बायॉसला (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ सेटिंगला) पासवर्ड असेल तरीही तेच.

बाबांना नवाच हवा असेल तर तेही समजू शकतो, वॉरंटीचा भरवसा असतो. मग सेलेरॉन (इंटेलचा साधा, मंद प्रोसेसर) आणि ६४ जीबी ईएमएमसी (एसएसडीपेक्षा मंद) स्टोरेजवाले सरळ वगळा. एएमडी प्रोसेसरवाला घेत असाल तर ७००० मालिकेत पहिल्या आकड्यावर जाऊ नका, तिसरा आकडा बघा. रायझन ५ ७५२०यूमध्ये तो २ आहे, म्हणजे आतली रचना २०१९च्या झेन २ची. ७५३०यूमध्ये ३, म्हणजे झेन ३, आणि कोअरही चारऐवजी सहा. दुकानात दोन्हींवर ‘रायझन ५, ७००० सिरीज’ असंच लिहिलेलं असतं.

ग्राफिक्स कार्ड तुम्हाला पहिली तीन वर्षं लागणार नाही. सी, जावा, पायथॉन, वेब, डेटाबेस यांत त्याचं काही काम नाही. मशीन लर्निंग शिकायला लागलात तर गुगल कोलॅब या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या सेवेवर मर्यादित वेळ जीपीयू (ग्राफिक्सचा प्रोसेसर) फुकट मिळतो. थ्रीडी गेम बनवायचे असतील तरच मित्राचं ऐका. आयफोनचे ॲप बनवायचे असतील तर मॅकला पर्याय नाही, कारण त्यासाठी लागणारं ॲपलचं एक्सकोड हे सॉफ्टवेअर फक्त त्यावरच चालतं. पण तो निर्णय आत्ता घ्यायची काहीच घाई नाही.

जाताना बाबांना सोबत न्या. बिलावर मॉडेल, रॅम आणि लॅपटॉपच्या खाली छापलेला सिरीयल नंबर लिहून घ्या, आणि वॉरंटी तोंडी न घेता त्याच बिलावर किती महिने व कशाकशाची ते लिहून, शिक्क्यासकट घ्या. दुकानदार लिहून द्यायला कां-कूं करत असेल तर शेजारच्या दुकानात जा.