दूध बरं निघतं, पण हातात पैसा उरत नाही. आणखी गायी घेतल्या तर गोठा परवडेल का?

तुम्ही लिहिलंय की बारा गायींपैकी सात दुधात आहेत आणि पाच भाकड (सध्या दूध न देणाऱ्या), म्हणून आणखी चार घ्यायचा विचार चाललाय. माझं मत विचाराल तर सध्या एकही घेऊ नका.

आधी हे गणित बघा. व्याल्यावर गाय 85 दिवसांच्या आसपास पुन्हा गाभण राहिली, तर 280 दिवस गाभणकाळाचे धरून ती वर्षाला एक वेत देते, म्हणजे दरवर्षी विते. त्यातले साधारण 305 दिवस दूध आणि 60 दिवस आटवलेली, म्हणजे पुढच्या वेताआधी दूध बंद केलेली. म्हणजे बारातल्या दहा गायी कायम दुधात हव्यात. तुमच्याकडे सातच आहेत. त्या पाचांत न व्यालेल्या कालवडी धरल्या नसतील, तर दोन वेतांमधलं अंतर दीड वर्षाच्या जवळ गेलेलं दिसतंय. नव्या चार गायीही याच चक्रात अडकतील.

हे अंतर बहुतेक वेळा माज (गाय गाभण राहू शकते तो काळ) निसटल्यामुळे वाढतं. एक माज हुकला की पुढचा येईपर्यंत 21 दिवसांचा चारा फुकट. माज टिकतो जेमतेम 12 ते 18 तास, आणि बऱ्याच गायी रात्री किंवा पहाटे तो दाखवतात, जेव्हा गोठ्यात कुणी नसतं. तेव्हा पहाटे आणि रात्री झोपण्याआधी वीस-वीस मिनिटं नुसतं उभं राहून बघा. काचेसारखा सोट (योनीतून लोंबणारा चिकट स्राव), दुसरीवर चढणं, विनाकारण हंबरणं, दूध अचानक थोडं कमी होणं. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन (गाय भरवणं), संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. दोन महिन्यांनी डॉक्टरांकडून गाभण तपासणी करून घ्या. 'राहिली असेल' यावर विसंबू नका. तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिल्या तरी चालतात, ॲप लागत नाही.

दुसरा खर्च खाद्याचा. गोठ्याच्या एकूण खर्चात निम्म्याहून जास्त वाटा त्याचाच असतो, आणि तरी सगळ्या गायींना एकाच मापानं पेंड टाकली जाते! दर अडीच-तीन लिटर दुधामागे एक किलो खुराक हा ढोबळ अंदाज. वैरण चांगली असेल तर त्याहून कमी. भाकड पण रिकाम्या (गाभण नसलेल्या) गायीला दुधाळ गायीचा खुराक घातला तर ती नुसती चरबी धरते आणि गाभण राहायला आणखी त्रास देते. आटवलेली गाभण गाय मात्र वेगळी. तिची आणि पोटातल्या वासराची आबाळ करू नका. चाऱ्याची कुट्टी करा, आणि पाणी चोवीस तास समोर ठेवा. दुधात 87 टक्के पाणीच असतं, तरी दिवसातून दोनदा पाणी दाखवणारे गोठे मी अजून बघतो.

पर्यावरणाचंही तुम्ही विचारलंय. त्यासाठी वेगळा खर्च करायची गरज नाही. गाय खाल्लेल्या ऊर्जेचा साधारण 6 टक्के भाग मिथेन म्हणून ढेकरांतून बाहेर टाकते, आणि भाकड गायही ढेकर देतेच. गाय गाभण न राहता जाणारे रिकामे दिवस घटले की दर लिटरमागचा चारा, पाणी आणि मिथेन तिन्ही कमी होतात. शेणाचं बायोगॅस-स्लरीचं नियोजन जमलं तर रासायनिक खताचाही खर्च वाचेल.

दगडीबद्दल (कासेला सूज येण्याच्या आजाराबद्दल) एवढंच: धार काढल्यावर सडं जंतुनाशकात बुडवा आणि लगेच वैरण टाका, म्हणजे सडांची तोंडं मिटेपर्यंत, अर्धा तास तरी, गाय खाली बसत नाही.

पाच भाकड गायींची तपासणी आधी उरका. त्यात गाभण किती, उपचारानं राहतील अशा किती, आणि कायमच्या वांझ किती, हे कळल्यावर नव्या गायींचा विषय काढा.