गुरुवारचे साखरफुटाणे

"मॅडम, दवाखान्यात देवाचा फोटो लावणं चूक आहे का?" मी समुपदेशक. डॉक्टर विचारतात, नर्सताई विचारतात, एकदा तर मेडिकलवाल्यानंही विचारलं. उत्तर म्हणून मी एका डॉक्टरांची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल ते सगळं बदललं आहे.

यवतमाळ जिल्ह्यातलं आठवडी बाजाराचं गाव. डॉक्टर तिशीतले, एमबीबीएस करून गावातच परतलेले. घर गजानन महाराजांचं. वडील दरवर्षी शेगावला पायी जातात, आणि पोराला मेडिकलची सीट लागली ती महाराजांच्या कृपेनं, याबद्दल घरात कुणालाच शंका नाही. दवाखाना उघडला तेव्हा खुर्चीमागचा मोठा फोटो वडिलांनीच लावला. दर गुरुवारी ते येऊन हार घालत, उदबत्ती लावत आणि साखरफुटाण्यांचा डबा टेबलावर ठेवून जात. चिठ्ठी लिहून झाली की डॉक्टर चिमूटभर फुटाणे पेशंटच्या हातावर ठेवत. शुगरच्या पेशंटलाही का, असं मी विचारलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले.

एरवी हसण्यासारखं काही नव्हतं. ते आले होते झोप उडाली म्हणून. बीपीच्या गोळ्या चालू असलेली एक ऐंशीची आजी तीन महिने फिरकली नव्हती. एका रात्री तिला चक्कर येते म्हणून घेऊन आले, वरचं बीपी 210. जिल्ह्याला पाठवली, वाचली, हातपायही शाबूत राहिले. गोळ्या का सोडल्या असं विचारल्यावर नात खाली मान घालून म्हणाली, "आजी गुरुवारी येत नाई म्हणते. तुमी परसाद देता ना, म्हणून."

आणि आजीच्या खेड्यातून काळी-पिवळी जीप येते ती बाजाराच्या दिवशी, गुरुवारीच.

14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, तेव्हा ही आजी दहा-अकरा वर्षांची पोर होती, बापाचं बोट धरून तिथे उभी होती. हिंदू देवदेवतांना मानणार नाही, पुजणार नाही, अशा 22 प्रतिज्ञा तिनं मोठ्यांच्या मागोमाग म्हटल्या आणि आयुष्यभर पाळल्या. पहिल्या खेपेला डॉक्टरांनी दिलेले फुटाणे तिनं मुठीत धरून बाहेर नेले आणि फाटकाजवळच्या लिंबाखाली, मुंग्यांसाठी, हलकेच ठेवले. दुसऱ्या खेपेला नातीच्या हातावर दिले. तिसऱ्या खेपेला आलीच नाही.

"मी कधी कुणात भेद केला नाही, मॅडम. रमजानमध्ये रोजेवाल्यांच्या गोळ्यांच्या वेळा मी स्वतः बदलून देतो." ते खरंच होतं. वैद्यकीय आचारसंहितेचे 2002 चे नियम आहेत, त्यांतल्या प्रतिज्ञापत्रात डॉक्टर कबूल करतो की माझं कर्तव्य आणि माझा पेशंट यांच्यामध्ये मी धर्म, राष्ट्रीयत्व, वंश, पक्षीय राजकारण किंवा सामाजिक स्थान येऊ देणार नाही. हे त्यांना पाठ होतं. मी म्हटलं, तुमच्या मनात काही आलं नाही, पण टेबलावर आलं ना.

त्यांना राग आला. मग म्हणाले, उद्या सगळंच काढून टाकतो. मी म्हटलं, थांबा. रागात उतरवलेला फोटो घरी भांडण होऊन परत येतो. त्याऐवजी रविवारी दवाखाना रिकामा असताना पेशंटच्या स्टुलावर दहा मिनिटं बसा आणि तिथून मोबाईलवर एक फोटो काढून आणा.

त्यांनी आणलेला फोटो आम्ही दोघांनी बराच वेळ पाहिला. मधोमध महाराज. हार इतका लांब की शेजारी टांगलेलं नोंदणी प्रमाणपत्र अर्धं झाकलेलं. डॉक्टरांची रिकामी खुर्ची बरोबर फोटोच्या पायाशी. "इथून पाहिलं तर प्रसाद मी देतोय असं वाटत नाही," ते हळूच म्हणाले. देवळात प्रसाद नको असेल तर माणूस पुढे सरकतो. इथे ज्या हातानं चिठ्ठी लिहिली तोच हात पुढे येतो, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच्याकडेच यायचं असतं. नाही म्हणायचं कुणाच्या जिवावर?

माझ्या खोलीतही राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा फोटो आहे. सर्वधर्म प्रार्थनावाले, त्यांना कोण काय म्हणणार, असं मी धरून चालले होते. त्या दिवसानंतर मी माझ्याही क्लायंटच्या खुर्चीत बसून पाहिलं. फोटो आहे तिथेच ठेवला, पण बसून पाहिलं.

डॉक्टरांनी फोटो बाजूच्या भिंतीवर नेला, त्यांच्या नजरेसमोर राहील असा. उदबत्ती बंद केली, कारण दम्याचे पेशंट खोकतात हे त्यांना आधीही कळत होतं. डबा बाहेर बाकाशेजारी गेला, ज्याला हवं त्यानं घ्यावं. वडील पंधरा दिवस जेवायला त्यांच्यासोबत बसले नाहीत. त्यावर आम्ही दोन बैठका घालवल्या आणि त्या या सगळ्यापेक्षा अवघड गेल्या.

आजीला निरोप डॉक्टरांनी स्वतः जाऊन दिला. पुढच्या गुरुवारी ती आली. बीपी 150. पट्टा सोडताना तिनं रिकाम्या भिंतीकडे पाहिलं. "फोटो काहून हलवला, बापू? त्याच्याशी माहं काई भांडन नव्हतं. तू हातात देत होता, तवा मले नाई म्हनता येत नव्हतं."

वडील अजून दर गुरुवारी येतात. डबा बाहेर ठेवायचा, हे त्यांना तीनदा सांगावं लागलं.