एकाच पेजला दोन फ्रेम : कर्नलमधली रेस

प्रश्न : अभ्यासासाठी लिहिलेल्या माझ्या कर्नलमध्ये पेजला (प्रोग्रामच्या आभासी मेमरीच्या तुकड्याला) पहिला स्पर्श झाला की फॉल्ट हँडलर, म्हणजे अशा वेळी चालणारा कर्नलचा कोड, फ्रेम (खऱ्या मेमरीचा तुकडा) देतो. एका कोरवर सारं सुरळीत चालतं. चार कोरवर मात्र अधूनमधून थ्रेडने लिहिलेला डेटा शून्य होतो आणि मोकळ्या फ्रेम कमी होत जातात. चूक कुठे असेल?

उत्तर : पीटीई (पेज कोणत्या फ्रेमवर आहे हे सांगणारी पेज टेबलमधली नोंद) रिकामी आहे हे पाहणं आणि ती भरणं, या दोन्हींच्या मधल्या फटीत. दोन थ्रेडना ती एकाच वेळी रिकामी दिसते आणि दोघेही वेगळी फ्रेम घेतात; हीच रेस. दुसरा पहिल्याची नोंद पुसतो, त्यामुळे पहिली फ्रेम अनाथ होते. पहिल्या कोरच्या टीएलबीत (अलीकडच्या पीटीई जवळ ठेवणाऱ्या कॅशमध्ये) जुनीच नोंद असल्याने त्याला आपला डेटा काही काळ दिसतही राहतो. म्हणून हा बग इतका फसवा.

सगळा हँडलर स्पिनलॉकमध्ये (ज्याची वाट कोर न झोपता जागीच फिरत पाहतो अशा लॉकमध्ये) कोंबू नका. फ्रेम मागताना झोपावं लागलं तर कर्नल तिथेच अडकेल. आधी लॉकबाहेर फ्रेम घ्या, तिचे ४०९६ बाइट शून्य करा. मग पेज टेबलचा लॉक घेऊन पीटीई पुन्हा वाचा. अजून रिकामी असेल तर भरा. भरलेली असेल तर आपली फ्रेम परत करून यशस्वी म्हणूनच परता, कारण पेज आता हजर आहे. लिनक्सही निनावी (कुठल्याही फाइलशी न जोडलेल्या) पेजसाठी हेच करतं. पेज टेबल अनेक स्तरांचं असतं; त्यातली मधल्या स्तराची टेबलं जोडतानाही हीच फेरतपासणी हवी. तिथे अख्खं टेबल हरवतं, आणि नेमकं हेच बहुतेकांकडून राहून जातं.

पेज काढताना क्रम असा : पीटीई पुसा, सर्व कोरचा टीएलबी साफ करवा, त्यांची पोच आली की मगच फ्रेम सोडा. इंटरप्ट बंद ठेवून पोचेची वाट पाहू नका. दोन कोर एकमेकांसाठी कायमचे ताटकळतील.

पडताळणीसाठी फ्रेम घेणं आणि लॉक यांच्यामध्ये मुद्दाम १ मिलिसेकंद थांबा. ८ थ्रेडना त्याच १००० पेजवर सोडा. टेबलांच्या फ्रेम वगळून बरोबर १००० फ्रेम खर्च व्हायला हव्यात.

प्रश्न : पीटीई व्होलाटाइल (दर वेळी मेमरीतूनच वाचायची) केली तर भागेल?

उत्तर : नाही. त्याने वाचन ताजं होतं, पण वाचणं आणि लिहिणं एकसंध होत नाही. लॉक नकोच असेल तर कंपेअर-अँड-स्वॅप (तुलना आणि बदल एकाच अखंड पावलात करणारी सूचना) वापरा. हरलेल्या थ्रेडने फ्रेम परत करायचीच.